लेखणी अडली की आदिलाबादला जावं

दिवाळी अंकांचे संपादक श्रावणातच लेखाची आठवण करून देऊ लागतात आणि नेमकं तेव्हाच लिहिणाऱ्याचं डोकं रिकामं होतं. मग सल्ले सुरू होतात. गाणं ऐक, चित्रप्रदर्शन बघ, नाटकाला जा. सल्ले चुकीचे नाहीत, पण नुसतं बघून-ऐकून फार तर मन रमतं. हाताला नवं वळण लागायचं तर दुसऱ्या कलेत थोडं राबावंच लागतं. अरुण कोलटकरांनी जाहिरातीत नाव काढलं, कविता लिहिल्या आणि शिवाय पखवाजाची रीतसर तालीम घेतली. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात कापडासाठी नक्षी करत राहिले आणि चित्रंही काढत राहिले. ही नावं आपल्याला ठाऊक असतात. पण या विषयाची खरी शाळा भरते ती पैनगंगेपलीकडे, आदिलाबादेत. (२०१६ मध्ये या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. इथे मी जुन्या, सबंध आदिलाबादबद्दल बोलतो आहे.)

या शाळेत शिकलेला एक मराठी माणूस म्हणजे सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी ते निजामाच्या मुलकी सेवेत होते आणि आदिलाबादच्या गोंडांमध्ये त्यांनी काम केलं. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेले गोंडांचे नेते कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला या डोंगरांची दखल घ्यावी लागली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ आले आणि मार्लवाईला मुक्कामाला राहिले. गोंड मुलांसाठी गोंडी भाषेतली, देवनागरी लिपीतली पुस्तकं निघाली. पगडींनी साहेबी न करता गोंडी आणि कोलामी शिकून घेतल्या आणि दोन्हींची व्याकरणं लिहिली. पुढे त्यांनीच उर्दू शायरी मराठीत आणली. ज्याचा कान एकदा लिहून न ठेवलेल्या बोलीला लागला, त्याला परका शेर परका वाटत नसावा, असा माझा तर्क आहे.

आदिलाबादेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट मात्र परधानांची. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. गोंडांच्या कुळकथा आणि देवांच्या कथा त्यांनी किंगरी या तंतुवाद्यावर गायच्या, आणि त्यांच्याशिवाय पेर्सा पेन या कुळदेवाची पूजा पुरी होत नाही. कथा गोंडीत. पण या गायकांच्या घरची बोली पिढ्यान्‌पिढ्या मराठी! म्हणजे चुलीपाशी एक भाषा आणि देवापाशी दुसरी. आपण दोन भाषांत लिहिणाऱ्याचं केवढं कौतुक करतो. इथे एक अख्खी जमात गजाच्या वाद्यावर ते शतकानुशतकं करते आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिला ओळभरही जागा मिळत नाही.

याच परधानांचे मध्य प्रदेशातले भाऊबंद ‘बाना’ हे वाद्य वाजवत. पाटणगढच्या जनगढसिंह श्यामने भिंतीवर काढलेली चित्रं भोपाळच्या भारत भवनच्या मंडळींनी पाहिली. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्याला कागद-रंग दिले आणि गाण्यातले देव चित्रांत उतरले. १९८९ मध्ये ही चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनात गेली. आज जिला गोंड चित्रकला म्हणतात ती अशी गायकांच्या घरात जन्मली. आश्रयदाते कमी होत गेले तेव्हा वाद्य थांबलं, पण कथा नव्या माध्यमात गेली. २००१ मध्ये जपानमध्ये जनगढचा झालेला अंत मात्र या कहाणीची दुखरी बाजू आहे.

आता आदिलाबादेत परतून ओझा कारागिरांच्या अंगणात डोकावू. उशेगाव आणि केसलागुडा इथले ओझा पितळेची ओतीव मूर्ती करतात. आधी मातीचा गाभा. त्यावर मेणाचे दोरे काढून वेढे घालायचे. डोळे, दागिने, घुंगरांच्या कडा, सगळं मेणातच. वरून पुन्हा मातीचा लेप, एक भोक ठेवायचं आणि भट्टी. मेण वितळून जातं, त्या पोकळीत पितळ शिरतं. मग साचा फोडायचा. एका साच्यातून एकच वस्तू, म्हणून दुसरी हुबेहूब तशी होत नाही. २०१८ मध्ये या डोकरा कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे काम मुळात दिवाणखान्यासाठी नव्हतंच. पितळी घंटा आणि घुंगरं गोंडांच्या देवांसाठी होती. म्हणजे ओतणाऱ्याला गाणं आणि पूजा ठाऊक असणं भागच.

आणि दिवाळी आली की गोंडांचा नाचाचा उत्सव, दंडारी. त्यात नाचणारे गुसाडी डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट घालतात, अंगाला राख फासतात, खांद्यावर कातडं टाकतात, कमरेला आणि पायांत घुंगरं बांधतात, हातात काठी घेतात. ढोल आणि पेपरे वाजू लागतात आणि गावचा जथा दुसऱ्या गावी पाहुणा जातो. नाच, वेश, वादन, थट्टामस्करी, पूजा यांचे वेगळे तास इथे नसतात. मार्लवाईचे कनकराजू यांनी हा नाच तरुणांना शिकवला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

शहरी कलावंत इथून बहुतेक वेळा काय नेतात? एखादं मोरपीस, एखादी नक्षी, पोस्टरला शोभेल असा राख फासलेला चेहरा. याला मी उचलेगिरी म्हणतो. गुसाडी व्रत पाळतो, ओझा मेणाच्या दोऱ्याशी दिवस घालवतो, परधान पाठांतराला आयुष्य देतो. आपण यातलं काहीच न करता ताजेतवाने होऊन परतू पाहतो. लिहिणाऱ्याने इथे येऊन निदान एका किंगरीवाल्यासमोर बसून एक कथा अथपासून इतिपर्यंत ऐकावी. वहीत काही न लिहिता. रेकॉर्डरही नको.

किनवट, पांढरकवडा, यवतमाळकडच्या वाचकांना तर आदिलाबाद शेजारचंच. दंडारी हुकली तर पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मेसराम कुळाची माणसं अनवाणी गोदावरीपर्यंत चालत जाऊन पूजेचं पाणी आणतात. जरूर जा. डोकऱ्याची मूर्ती घ्यायची तर ओतणाऱ्याच्या हातून घ्या आणि त्याच्याशी घासाघीस करू नका.