पथ्य आणि पाळी

१९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांना इन्सुलिन गवसले आणि मरणाच्या दारातले मधुमेही जगू लागले. पण हे औषध घड्याळावर चालते, आणि आमचा मावळातला कामगार पाळीवर! इंजेक्शन घेतले आणि जेवणाची सुटी लांबली, की रक्तातील साखर उतरते. घाम फुटतो, हात कापतात, जीभ अडखळते. मुकादमाला वाटते, गडी पिऊन आला. वास्तविक शुद्ध आहे तोवर साखरपाणी पाजावयास हवे. पण नोकरीच्या भीतीने त्याने आजारच लपविलेला असतो. भाताच्या मुलखात ‘भात सोडा’ म्हणणे सोपे. आम्ही डॉक्टरांना एवढेच विनवितो : आधी पाळी विचारा, डबा पाहा, मग पथ्य लिहा. आणि मालकांना : जेवणाची वेळ हेही औषधच समजा.