मांडणीवरचा पैसा

वाकडहून रोज चाकणला जाऊन मी एका लघुउद्योगाचं स्टोअर सांभाळत असे. मालक बजावत, "रॅकवरचा माल म्हणजे झोपलेला पैसा!" तरीही एकदा स्वस्त मिळतंय म्हणून त्यांनीच तीन महिन्यांचं पोलाद घेतलं. डिझाइन बदललं, पत्रे गंजले. बँकेचं व्याज मात्र चढत राहिलं.

कमी साठाही नडतो. 1997च्या फेब्रुवारीत जपानमध्ये आयसिनच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका छोट्या व्हॉल्व्हवाचून बलाढ्य टोयोटाचं काम काही दिवस ठप्प झालं.

आई वर्षाचे गहू भरी, पण भाजी रोजची. मिठाची बरणी कधी रिकामी नसे. मीही मग बोल्ट-वॉशर महिन्याचे आणि महाग पोलाद आठवड्याचं ठेवू लागलो. मालकांच्या कपाळावरच्या आठ्या काही लगेच गेल्या नाहीत.