दूर पल्ल्याची सायकल आणि पाणी

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे पणजीपर्यंत सामूहिक सायकल सफरीस निघणाऱ्यांची तपासणी करताना मी रक्तदाबाइतकेच लक्ष त्यांच्या पाणी पिण्याच्या सवयीकडे देतो. दीर्घ श्रमांत मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकण्यास मंदावतात. अशा वेळी तहानेपेक्षा अधिक पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलखाली उतरू शकते. डोकेदुखी, उलटी, बरळणे ही लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच भासतात. सोबती आणखी पाणी पाजतात आणि तेच जिवावर बेतते. म्हणून तहानेपुरतेच प्यावे. सरावाच्या फेरीआधी व नंतर वजन करावे. ते वाढले असल्यास पाणी जास्त झाले, असे समजावे. बरळणाऱ्या सोबत्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. तेथे सलाइनचा निर्णय घेण्यापूर्वी आपण सोडियम अवश्य तपासावे.