छातीतली गाठ आणि तिची कुलपे

समजा, एका घरात दोन जावा आहेत. दोघींना छातीत गाठ झाली. दोघींची गाठ कॅन्सरची निघाली. थोरलीला डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. ती पाच वर्षे घ्यायची आहे. धाकटीला मात्र ती गोळी दिलीच नाही. तिला सलाईनमधून जोराचे औषध सुरू केले.

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, रोग एकच. मग तुम्हाला गोळी आणि मला सुई, असं का? तुमच्यातल्या चार गोळ्या मलाही द्या की."

थोरली म्हणाली, "थांब गं. आधी डॉक्टरांना विचारू."

थोरलीने शहाणपणा केला. ती गोळी धाकटीच्या काही उपयोगाची नव्हती. असे का, ते आपण समजून घेऊ.

पेशी, किल्ली आणि कुलूप

घर विटांचे असते, तसे आपले शरीर पेशींचे असते. पेशी फार बारीक. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. जुनी पेशी मरते, तिच्या जागी नवी होते. हे काम शिस्तीने चालते. कधी ही शिस्त मोडते. पेशी भरमसाट वाढतात आणि आजूबाजूला शिरतात. त्यालाच कॅन्सर, म्हणजे कर्करोग, म्हणतात.

मुलगी वयात आली की तिची छाती भरते. बाई गरोदर राहिली की छाती दुधासाठी तयार होते. हा हुकूम कोण देतो? बाईच्या ओटीपोटात दोन बीजकोश असतात. त्यांतून काही रस रक्तात उतरतात. त्या रसांना हॉर्मोन म्हणतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे त्यांतले दोन मुख्य.

रक्त तर साऱ्या अंगात फिरते. मग हुकूम नेमक्या जागी कसा पोहोचतो? हॉर्मोन ही किल्ली आहे असे समजा. ज्या पेशीत त्या किल्लीचे कुलूप असेल, तिथेच ती बसते. किल्ली बसली की पेशीला हुकूम मिळतो, "वाढ!" या कुलपाला डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. छातीच्या पेशींत अशी कुलपे असतात.

हे कसे कळले?

स्कॉटलंड देशात ग्लासगो नावाचे शहर आहे. तिथे जॉर्ज बीटसन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी मेंढ्यांच्या दुधाचा अभ्यास केला होता. दूध येणे आणि बीजकोश यांचा संबंध आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. मग छातीच्या कॅन्सरचाही तसा संबंध असेल काय? कॅन्सर फार वाढलेल्या काही बायकांचे बीजकोश त्यांनी काढले. त्यांतल्या काहींची गाठ लहान झाली. हे त्यांनी १८९६ साली छापून प्रसिद्ध केले.

पण हा उपाय सगळ्यांना लागू पडेना. एकीला गुण येई, दुसरीला येत नसे. कारण पुष्कळ वर्षे कळले नाही. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत शिकागो येथे एलवूड जेन्सन यांनी पेशीतले इस्ट्रोजेनचे कुलूप शोधून काढले. तेव्हा कोडे सुटले. ज्या गाठीला कुलूप आहे, तिलाच हॉर्मोन वाढवते. जिला कुलूपच नाही, तिच्यावर हॉर्मोन बंद करून काय उपयोग?

कुलूप असलेली गाठ

छातीच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठींना हॉर्मोनचे कुलूप असते. यांतल्या पुष्कळशा गाठी बेताने वाढतात. त्यांच्यावर दोन तऱ्हेच्या गोळ्या आहेत.

कुलपात काडी मोडून अडकली तर किल्ली आत जात नाही. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी असेच करते. ती छातीच्या पेशीतल्या कुलपात जाऊन बसते. मग हॉर्मोनची किल्ली लागत नाही.

पाळी गेल्यावर बीजकोश थंड होतात. तरी अंगातल्या चरबीत थोडे इस्ट्रोजेन बनतच असते. लेट्रोझोलसारखी गोळी ते बनणेच थांबवते. म्हणजे किल्ली घडवणाऱ्या लोहाराचा भाताच बंद!

ही गोळी पाच वर्षे घ्यावी लागते. कोणाला त्याहून जास्त. गाठ तर काढून टाकली, मग इतकी वर्षे कशाला? कारण अशी गाठ पुष्कळ वर्षांनीही परत येऊ शकते. एखादी पेशी कुठे तरी लपून राहते. पेरलेले बी पावसाची वाट पाहते, तशी ती हॉर्मोनची वाट पाहते. म्हणून बरे वाटले तरी गोळी आपल्या मनाने सोडू नये. अंगाची लाही होते, सांधे दुखतात, तर डॉक्टरांना सांगावे. टॅमॉक्सिफेन चालू असताना, पाळी गेलेल्या बाईच्या अंगावर रक्त गेले तर लगेच दाखवावे. गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

कुलूप नसलेली गाठ

काही गाठींच्या पेशींवर तिसऱ्याच जातीची दारे फार असतात. त्यांना हर-टू म्हणतात. ही हॉर्मोनची कुलपे नव्हेत. पण त्यांतूनही वाढीचा हुकूम आत जातो. अशी गाठ झपाट्याने वाढते. पूर्वी तिच्यापुढे डॉक्टर हतबल होत. १९९८ साली ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झाले. ते नेमके याच दारावर बसते. तेव्हापासून अशा पुष्कळ बायकांचे प्राण वाचले.

काही गाठींना इस्ट्रोजेनचे कुलूप नाही, प्रोजेस्टेरॉनचे नाही आणि हर-टूही नाही. धाकटीची गाठ अशी होती. ही गाठ बहुधा आडदांड असते. भराभर वाढते, लवकर पसरते. तरुण बायकांत ती जास्त आढळते. आपल्या देशात तिचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

मग धाकटीने आशा सोडावी काय? मुळीच नाही. भराभर वाढणाऱ्या पेशींवर केमोचे औषध चांगले लागू पडते. पुष्कळदा आधी केमो देऊन गाठ लहान करतात, मग शस्त्रक्रिया करतात. ही गाठ परत येण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत जास्त असतो. पाच वर्षे सुखरूप गेली की तो पुष्कळ कमी होतो. पण या गाठीपुढे उशीर चालत नाही. लेप, मालीश, अंगारा यांत दोन महिने गेले, तर तेवढ्यात ती पुढे जाते.

तुकड्याची तपासणी

कोणती गाठ कशी आहे, हे हात लावून कळत नाही. सोनोग्राफीतही कुलूप दिसत नाही. त्यासाठी सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. पुष्कळ लोक म्हणतात, "गाठीला सुई लागली की रोग पसरतो." हा समज खोटा आहे. या भीतीने तपासणी टाळली, तर रोग खरोखरच पसरतो.

तुकड्याच्या रिपोर्टात तीन गोष्टी असतात: ई. आर., पी. आर. आणि हर-टू. पहिली दोन हॉर्मोनची कुलपे, तिसरे ते दार. रिपोर्ट बहुधा इंग्रजीत असतो. म्हणून डॉक्टरांना विचारा, "या तिन्हींपैकी माझ्या गाठीत काय आहे?" उत्तर आपल्या वहीत आपल्या हाताने लिहून घ्या. गाठ पुन्हा झाली तर शक्य असेल तेव्हा पुन्हा तुकडा तपासतात, कारण कुलपे बदललेली असू शकतात.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याला विचारा.

लाज नको, उशीर नको

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली एक मोठे काम हाती घेतले. शिकवून तयार केलेल्या बायकांनी वस्तीत जाऊन, हाताने चाचपून, दर दोन वर्षांनी बायकांची छाती तपासली. २०२१ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू शेकडा सुमारे ३० ने कमी झाले. मोठे यंत्र नव्हते. शिकलेला हात होता आणि वेळेवर केलेली तपासणी होती.

ध्यानात धरा

१. छातीतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखवावी.

२. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असे समजू नये.

३. कातडीला खळगा पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, काखेत गाठ येणे, या खुणा ओळखाव्या.

४. हा रोग शिवाशिवीने होत नाही. रोगी बाईचे ताट वेगळे ठेवू नये.

५. क्वचित हा रोग पुरुषालाही होतो.

६. एकीचे औषध दुसरीने घेऊ नये. आधी कुलूप पाहावे, मग औषध ठरते.