नाणे की बिल्ला?

नाण्याला नाणेपण येते ते राज्यसत्तेच्या शब्दामुळे. त्यावर प्रतिमा कोणाची आहे, धातू चांदीचा आहे की पितळेचा, हे सारे त्यामागून येते. हा धडा गिरवायचा तर बीदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमेवरील जिल्ह्यांइतका योग्य मुलूख शोधूनही सापडणार नाही. आपल्या किनारपट्टीवरचे भाविक गाणगापूरच्या निर्गुण पादुकांना आणि हुमनाबादजवळच्या माणिकनगरला जाताना दरसाल हाच मुलूख तुडवतात. कोणत्याही मोठ्या क्षेत्राच्या पेठेत, आणि आता तर घरबसल्या मोबाइलवरही, देवादिकांच्या व संतांच्या प्रतिमा असलेली ‘खास सरकारी नाणी’ विकणारे भेटतात. घेणारा बहुधा उतारवयाचा असतो, नातवंडासाठी काही ठेव असावी या भावनेने घेतो. हातात पडतो तो पुष्कळदा मुलामा दिलेला बिल्ला.

या मुलखाने नाण्यांपायी काय काय सोसले आहे! १३४७ मध्ये गुलबर्ग्याला बहामनी सत्तेची गादी स्थापन झाली. पुढे ती बीदरला गेली. दुसरा सुलतान पहिला महंमद शहा याने आपली नाणी पाडली, तेव्हा विजयनगर आणि वरंगळच्या राजांच्या चिथावणीने सराफ ती वितळवून टाकू लागले. त्यावरून सुलतानाने १३६० च्या सुमारास सराफांची सरसकट कत्तल केली आणि त्यांचा धंदा उत्तरेकडून आलेल्या खत्र्यांच्या हाती दिला, असे फेरिश्ता लिहितो. फेरिश्त्याची लेखणी अतिशयोक्तीला लाजत नसे, हे मान्य. तरीही नाणे वितळवणे म्हणजे राज्याचा शब्द मोडणे, ही समजूत त्या काळी किती पक्की होती हे या कथेतून दिसतेच. पुढे निजामाच्या अमदानीत याच लोकांच्या कनवटीला दोन रुपये असत. एक चारमिनारची प्रतिमा असलेला ‘हाली’, दुसरा इंग्रजांचा ‘कलदार’. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब सोलापूरच्या बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि पुढील दशकात हालीही हद्दपार झाला. चारमिनार तोच, चांदी तीच. पण पाठीशी राज्य उरले नाही, तेव्हा रुपया संग्राहकाच्या डबीत जाऊन बसला.

आज फसवणूक होते ती खऱ्या नाण्यांच्या सावलीत. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही महात्मा बसवेश्वरांची कर्मभूमी. त्यांच्या नावाचे पाच रुपयांचे नाणे भारत सरकारने २००६ मध्ये काढले. १९९९ मध्ये ज्ञानेश्वर माउलींचे एक रुपयाचे आणि शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे, २००२ मध्ये तुकोबांचे दोन रुपयांचे नाणे निघाले. २०१२ मधले माता वैष्णोदेवीचे नाणेही अस्सल सरकारीच. तेव्हा ‘सरकार कधी देवाधर्माची नाणी काढत नाही’ असे म्हणून बिल्ला ओळखता येणार नाही, आणि ‘संतांची छबी आहे म्हणजे खरेच असणार’ असे म्हणूनही चालणार नाही. छबीवरून निर्णय होत नाही.

निर्णय होतो तो कायद्यावरून. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे निघाले, तेव्हापासून हा मार्ग ठरलेला आहे आणि २०११ च्या नाणे अधिनियमाने तो अधिक स्पष्ट केला आहे. नाणी पाडण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारचा. प्रत्येक नव्या नाण्याची अधिसूचना राजपत्रात निघते; दर्शनी मूल्य, धातूचे प्रमाण, व्यास, वजन, कडेचे दाते, दोन्ही बाजूंचे लेखन, सारे तीत सांगितलेले असते. नव्या संसद भवनानिमित्त मे २०२३ मध्ये काढलेले पंचाहत्तर रुपयांचे नाणे घ्या. व्यास ४४ मिलिमीटर, कडेला २०० दाते, वजन ३५ ग्रॅम. त्यात चांदी निम्मी, तांबे ४० टक्के, निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. हेच नाणे ‘शुद्ध चांदीचे’ म्हणून कोणी पुढे केले, तर राजपत्राचा कागदच त्याला खोटे पाडतो. अशी नाणी बँकेच्या खिडकीवर सुट्ट्या पैशांत मिळत नाहीत. सरकारी टांकसाळी ती संग्राहकांना दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट किमतीला विकतात, आणि यात गैर काही नाही.

खऱ्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, ‘सत्यमेव जयते’, ‘भारत’ हा शब्द आणि रुपयांतले मूल्य असते. बहुतेकदा सालाजवळ टांकसाळीची खूणही सापडते: मुंबईचा हिरा, नोएडाचा ठिपका, हैदराबादचा पाच टोकांचा तारा. कोलकात्याची खूण नसते. (हैदराबादची टांकसाळ मूळची निजामाची. ज्या टांकसाळीतून हाली निघे, तीच आज भारताचा रुपया पाडते.) मात्र सरकारी टांकसाळीतून निघालेली प्रत्येक चकती नाणे असते असेही नाही. अयोध्येच्या राममंदिराची स्मृतिपदके टांकसाळीनेच विकली. त्यांवर रुपयांतले मूल्य नाही, म्हणून ती चलन नव्हेत. मूल्य नाही तेथे नाणे नाही, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्मे काम होते. पेढीवरचा सराफ लक्ष्मी-गणपतीचे चांदीचे नाणे हॉलमार्क दाखवून चांदीच्या भावाने विकतो, त्याच्याबद्दल आमची काडीइतकीही तक्रार नाही. तो चांदी विकतो आणि चांदी म्हणूनच विकतो. आमचा राग आहे तो सिंहशीर्षासारखे काहीतरी ठसवून, क्रमांकित प्रमाणपत्र जोडून, सरकारचे नाव उसने घेणाऱ्यांवर.

त्याहून घातक ठकबाजी आहे ती राम-पंचायतनाचे चित्र, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हे नाव आणि १८१८ वगैरे साल असलेल्या आण्यांची. कंपनीने असे आणे कधी पाडले नाहीत. दक्षिणेत मद्रासला तिने देवमूर्ती असलेले होन पाडले, हे खरे; पण मुंबई इलाख्यातल्या तिच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू असे आणि त्यात ‘अदल’ हा फारसी शब्द. रामटंका म्हणून पूजेसाठी घडवलेली मुद्रा वेगळी, ती श्रद्धेची वस्तू आहे आणि तिचा मान तिला आहे. तिचीच नक्कल करून, ‘हे नाणे तांदळाचे दाणे ओढते, यात इरिडियम आहे, परदेशात याचे कोट्यवधी मिळतील’ असे सांगणाऱ्या टोळ्या कर्नाटकात आणि महाराष्ट्रात पोलिसांनी वारंवार पकडल्या आहेत. दाण्यांना लोखंडाचा कीस फासला की दाणे चुंबकाकडे धावणारच! आपली शेती गहाण टाकून असल्या नाण्यात पैसा घालणारे निघतात, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

आणि याच समाजात दहा रुपयांचे अस्सल नाणे दुकानदार परत करतो! रुपयाचे चिन्ह नाही, रेषा कमी आहेत, असली कारणे सांगतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदा वेगवेगळ्या ठशांची दहाची नाणी ग्राह्य असल्याचे जाहीर केले, चौकशीसाठी १४४४० हा क्रमांकही दिला. तरी बसवाहकाचा आणि प्रवाशाचा वाद मिटत नाही. खऱ्यावर संशय आणि खोट्यावर विश्वास, हा उफराटा न्याय माहिती लोकांपर्यंत न पोचल्यामुळे चालतो.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. राजपत्रातले वर्णन हिंदी-इंग्रजीत पडून राहते; ते कन्नड, मराठी, कोकणी, तेलुगू या भाषांत छापून बँकांच्या शाखांत आणि गाणगापूर रोडसारख्या यात्रेकरूंच्या स्थानकांवर लावावे. देवस्थानांनी आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या मुद्रांवर ‘हे चलन नव्हे’ असे ठळक कोरण्याचा आग्रह धरावा. वृत्तपत्रांनी जुन्या नाण्यांना लाखांचा भाव देऊ करणाऱ्या जाहिराती परत पाठवाव्यात. आपल्या नावाने कमिशन वा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. ज्यांच्या घरी अशी एखादी डबी आधीच आली असेल, त्यांनी ती ओळखीच्या सराफाच्या तराजूत घालून राजपत्रातल्या वजनाशी ताडून पाहावी. पैसे मोबाइलवरून गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.