जड पाण्यातील अग्नी आणि त्याची राख

पाण्यातून अपार शक्ती काढण्याची युक्ती सापडली आहे, अशी वार्ता दर काही वर्षांनी येत असते. ती वाचून कोणी हरखून जातो, तर कोणी हसून वर्तमानपत्र बाजूला ठेवतो. दोघांनीही विचार करण्याचा त्रास चुकवलेला असतो. वस्तुतः अशा वार्तेची परीक्षा करण्यास फार मोठे गणित यावे लागते असे नाही. काय विचारावे एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ काम होते. ते कसे, हे १९८९ साली जगभर गाजलेल्या आणि मुंबईतील ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रापर्यंत येऊन पोहोचलेल्या एका प्रकरणावरून चांगले समजते.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. हायड्रोजन, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील उद्जन, हवेत जळतो तेव्हा त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि पाणी तयार होते. अर्थात पाणी ही हायड्रोजनची राखच होय. चुलीतली राख पुन्हा पेटवून तिच्यावर कोणी भात शिजवू म्हणेल तर घरातील मंडळी त्याला हसतील. परंतु पाण्यावर चालणाऱ्या मोटारीची बातमी मात्र आपण गंभीरपणे वाचतो! पाण्यापासून पुन्हा हायड्रोजन मिळवायचा तर वीज खर्चावी लागते, आणि तो हायड्रोजन जाळून जे परत मिळते ते त्या खर्चाहून कधीही अधिक भरत नाही. २०२३ साली भारत सरकारने हरित हायड्रोजनची मोठी योजना मंजूर केली. तिच्यातही शक्ती देणारे सूर्य आणि वारा हेच आहेत. हायड्रोजन हा ती शक्ती साठवण्याचा हंडा आहे, झरा नव्हे.

तथापि हायड्रोजनपाशी आणखी एक अग्नी आहे, आणि तो त्याच्या अणूच्या गर्भात आहे. दोन हलके अणुगर्भ एकमेकांत मिसळून एक जड गर्भ झाला की थोडे वस्तुमान नाहीसे होते व त्याची शक्ती होते. सूर्य ह्याच संमीलनावर जळतो. समुद्राच्या पाण्यातील सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंत एक अणू दुप्पट जड असतो. त्याला ड्यूटेरियम म्हणतात, आणि असे अणू वेचून केलेले पाणी ते जड पाणी. ड्यूटेरियमचे दोन गर्भ त्या मानाने लवकर जुळतात. अडचण एवढीच की दोन्ही गर्भांवर धनविद्युत असते, त्यामुळे ते एकमेकांना जोराने दूर लोटतात. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंशांची उष्णता आणि प्रचंड दाब आहे म्हणून तेथे जमते. पृथ्वीवर त्याहून कितीतरी अधिक उष्णता द्यावी लागते, आणि एवढा तप्त वायू ठेवायचा कोणत्या भांड्यात, हा प्रश्न उरतो.

१९५५ साली जिनीव्हा येथील अणुपरिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी वीस वर्षांच्या आत हा अग्नी मानवाच्या ताब्यात येईल असे भाकीत केले होते. तीनच वर्षांनी, जानेवारी १९५८ मध्ये, इंग्लंडातील हार्वेल येथे झेटा नावाच्या यंत्रात तो पेटल्याचे जाहीर झाले. मे महिन्यात ते विधान मागे घ्यावे लागले, कारण यंत्रातून निघालेले न्यूट्रॉन संमीलनाच्या उष्णतेतून आलेले नव्हते. तेव्हापासून पुष्कळ प्रगती झाली आहे, पण अशा भट्टीची वीज कोणत्याही गावाच्या तारांतून अद्याप वाहिलेली नाही.

ही पार्श्वभूमी असताना २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे यूटा विद्यापीठाने पत्रकारांना बोलावून सांगितले की, हाच अग्नी टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, साध्या हवामानात पेटला आहे! सांगणारे कोणी ऐरेगैरे नव्हते. मार्टिन फ्लाइशमन हे इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचे सभासद आणि विद्युत्-रसायनशास्त्रातील नामांकित पंडित. स्टॅन्ली पॉन्स हे त्या विद्यापीठाच्या रसायनविभागाचे प्रमुख. त्यांचे साधनही शाळेत पाहिलेल्या प्रयोगासारखेच. जड पाणी, त्यात लिथियमचा क्षार, एक प्लॅटिनमची तार आणि एक पॅलेडियमची कांडी. वीज सोडली की पाण्याचे पृथक्करण होते, ड्यूटेरियम पॅलेडियममध्ये शिरतो आणि काही दिवसांनी भांड्यातून घातलेल्या विजेपेक्षा अधिक उष्णता निघू लागते, असा दावा होता.

पॅलेडियमच का? ही धातू हायड्रोजन स्पंजासारखा पिते. स्वतःच्या आकारमानाच्या नऊशेपट हायड्रोजन तिच्यात मावतो. एवढी दाटी झाल्यावर गर्भ एकमेकांवर आदळतीलच, अशी कल्पना मनात येणे साहजिक आहे. ती नवी नव्हती. १९२६ साली बर्लिनमध्ये पानेट आणि पेटर्स यांनी पॅलेडियममध्ये हायड्रोजनचा हेलियम झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी तो हेलियम काचेतून व इतर साहित्यातून सुटत होता असे सांगून दावा परत घेतला. दाटीची कल्पनाही दिसते तितकी सरळ नाही. ड्यूटेरियम वायूच्या एका रेणूत दोन गर्भ जेवढे जवळ असतात, त्यापेक्षा पॅलेडियमच्या जाळीत शेजारी बसलेले दोन गर्भ अधिक लांब असतात. यात्रेत माणसे पुष्कळ असतात खरी, पण एका घोंगडीत निजलेल्या दोघांइतकी ती जवळ नसतात.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. उष्णता मोजणे सोपे वाटते, पण ते व्यापाऱ्याच्या वहीसारखे नाजूक काम आहे. वीज आत जाते ती जमा. तिच्यातली काही पाणी फोडण्यात जाते. ते वायू बाहेर गेले तर तेवढी रक्कम बाहेर गेली, आणि भांड्यातच पुन्हा जुळले तर उष्णता होऊन परत आली. किती गेली आणि किती परतली, हे गृहीत धरून चालत नाही. शिवाय पॅलेडियम कित्येक दिवस गुपचूप ड्यूटेरियम साठवीत असते. आठ दिवस दुकानात माल भरावा आणि नवव्या दिवसाची सगळी विक्री नफा म्हणून मांडावी, तसे तर येथे होत नाही ना? दावेदारांचे म्हणणे असे की अधिक उष्णता एवढी मोठी आहे की ह्या बारीकसारीक नोंदींनी ती पुसली जाणार नाही. परंतु कॅलिफोर्निया तंत्रसंस्थेच्या नेथन लुइस यांनी आणखी साधी शंका काढली. भांड्यातील पाणी नीट ढवळले होते काय? बंबातले कढत पाणी घंगाळात ओतून ते न ढवळता वर हात घातला तर पोळतो, तळाशी ते गारच असते. तापमापक कोठे बुडवला आहे ह्यावर उत्तर अवलंबून राहते.

दुसरा प्रश्न तुलनेचा होता. एप्रिलमध्ये डॅलस येथे हजारो रसायनशास्त्रज्ञांपुढे पॉन्स यांना विचारण्यात आले की, हाच प्रयोग साध्या पाण्यात करून पाहिलात काय? साध्या पाण्यातही उष्णता निघाली, तर तिचा ड्यूटेरियमच्या संमीलनाशी संबंध नाही हे उघड होते. ह्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर संदिग्ध होते. माझ्या मते हा सबंध प्रकरणातला सर्वांत दुबळा क्षण होय. यंत्र बिघडू शकते, गणित चुकू शकते. पण तुलनेचा प्रयोग हा ह्या शास्त्रातला पहिला संस्कार आहे.

तरीही उष्णतेचा वाद वर्षानुवर्षे चालू शकला असता. तो मिटवणारी गोष्ट वेगळी होती. जेथे अग्नी पेटला तेथे राख पडलीच पाहिजे. ड्यूटेरियमच्या संमीलनाची राख कोणती, हे प्रयोगशाळांत अनेक दशके मोजलेले आहे. साधारण निम्म्या वेळा हेलियमचा एक हलका प्रकार आणि एक न्यूट्रॉन निघतो. उरलेल्या निम्म्या वेळा ट्रिटियम, म्हणजे तिप्पट जड हायड्रोजन, आणि एक प्रोटॉन. ह्या हिशेबाने एक वॅट उष्णता, म्हणजे हातातल्या लहान विजेरीएवढी शक्ती, निर्माण झाली तर सेकंदाला एक लाख कोटींच्या आसपास न्यूट्रॉन सुटले पाहिजेत. अशा भांड्याशेजारी तासभर बसलेला माणूस जगू शकत नाही. यूटामधली माणसे सुखरूप होती. न्यूट्रॉन आढळल्याचे दावेदारांनी लिहिले होते, पण तेही लागणाऱ्या संख्येपेक्षा कोट्यवधी पटींनी कमी. आणि त्या नोंदीचा आलेख खऱ्या न्यूट्रॉनांच्या खुणेशी जुळत नाही, हे मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

त्या वसंतऋतूत जी धांदल उडाली तिचे वर्णन करावे तेवढे थोडे. सविस्तर निबंध हाती नसल्याने लोक वर्तमानपत्रांतील छायाचित्रे पाहून भांड्याची मापे काढीत होते. जॉर्जियातील एका गटाने न्यूट्रॉन सापडल्याचे घोषित केले, आणि आपले मोजणीचे यंत्रच उष्णतेने फसत होते हे कळताच काही दिवसांत माघार घेतली. यूटा राज्याच्या विधिमंडळाने ५० लाख डॉलर मंजूर केले. त्यातून निघालेली संस्था १९९१ मध्ये बंद पडली. अमेरिकन सरकारच्या ऊर्जाखात्याने नेमलेल्या समितीने नोव्हेंबर १९८९ मध्ये निर्णय दिला की, नव्या शक्तीचा खात्रीलायक पुरावा नाही आणि खास संस्था काढण्याचे कारण नाही. मात्र काळजीपूर्वक आखलेल्या छोट्या प्रयोगांना साहाय्य द्यावयास हरकत नाही.

आता ट्रॉम्बेकडे वळू. त्या वेळी भाभा केंद्राचे संचालक पी. के. अय्यंगार होते. जड पाणी हाताळण्याचा तेथे वर्षांचा सराव होता, आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम मोजणे हा तर तेथला नित्याचा व्यवसाय. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या प्रेरणेने निरनिराळ्या विभागांतील अनेक गट कामाला लागले. एका गटाने तर शुद्ध हायड्रोजन करण्यासाठी विकत मिळणारे, पॅलेडियमच्या नळ्यांचे तयार यंत्र घेऊन त्यातच जड पाणी भरले. डिसेंबर १९८९ मध्ये केंद्राने ह्या प्रयोगांचा अहवाल काढला. त्यात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम दोन्ही आढळल्याचे नमूद आहे.

ह्या लोकांनी उष्णतेच्या मागे न धावता राख शोधली, हे मला विशेष वाटते. प्रश्न योग्य होता. पण उत्तर विचित्र आले. निसर्गाच्या ठाऊक असलेल्या नियमाने न्यूट्रॉन आणि ट्रिटियम जवळजवळ समसमान निघावयास हवेत; येथे एका न्यूट्रॉनमागे सुमारे एक कोटी ट्रिटियम अणू, असे प्रमाण निघाले. म्हणजे एकतर संमीलनाची सर्वस्वी नवी तऱ्हा सापडली होती, किंवा ट्रिटियम दुसरीकडून येत होता. टीकाकारांनी दुसरी शक्यता धरली, कारण जड पाण्यात थोडा ट्रिटियम असतोच आणि विजेने पाणी फोडीत राहिले की मागे उरलेल्या पाण्यात तो दाट होत जातो. प्रयोगकर्त्यांचे म्हणणे, हा हिशेब आम्ही धरला आहे. निकाल लागण्यास एकच मार्ग होता, तो म्हणजे दुसऱ्या कोणीही, दुसऱ्या ठिकाणी, हवे तेव्हा तोच प्रयोग करावा आणि तेच फळ मिळावे. तसे घडले नाही. १९९० मध्ये अय्यंगार अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाल्यावर हे काम हळूहळू थांबले, जरी हा विषय टाकून देऊ नये असे त्यांचे मत पुढेही कायम होते.

जपान सरकारच्या व्यापार व उद्योग खात्याने ह्याच शोधासाठी ‘नवी हायड्रोजन शक्ती’ अशा नावाचा उपक्रम चालवला. जुने नाव बदनाम झाले की नवे घ्यावे, ही रीत शास्त्रालाही चुकलेली नाही! १९९७ साली तो गुंडाळण्यात आला. अमेरिकेत रँडेल मिल्स नावाच्या वैद्यकीची पदवी घेतलेल्या गृहस्थांनी १९९१ पासून आणखी निराळा पंथ काढला. त्यांच्या मते हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन शास्त्राला ठाऊक असलेल्या सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली उतरतो आणि त्यातून शक्ती सुटते. अशा आकसलेल्या अणूला ते हायड्रिनो म्हणतात. येथेही तीच विचारणा करावी. राख म्हणून हा हायड्रिनोच साठत असला पाहिजे. मग तो बाटलीत भरून परक्या प्रयोगशाळेच्या हाती देण्यास काय हरकत आहे? शिवाय अशी उतरण खरोखर असती, तर आकाशातला हायड्रोजन अब्जावधी वर्षांत आपोआप खाली उतरून बसला असता. त्यांच्या कंपनीने भांडवलदारांकडून कोट्यवधी डॉलर उभे केले, यंत्र लवकरच बाजारात येईल असे अनेकदा जाहीर केले, परंतु ते अजून बाजारात आलेले नाही.

पॅलेडियमचे प्रकरण मात्र पूर्णपणे बंद झालेले नाही. गूगल कंपनीने २०१५ पासून सुमारे तीस संशोधकांना एक कोटी डॉलर देऊन सर्व जुने दावे पुन्हा तपासून घेतले. २०१९ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की, शीत संमीलनाचा कसलाही पुरावा मिळाला नाही, पण धातूत हायड्रोजन दाटीने भरण्याविषयी आणि अतिशय तप्त भांड्यातील उष्णता मोजण्याविषयी उपयोगी माहिती मिळाली. त्याच मंडळींपैकी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने काम पुढे नेले. त्यांनी पॅलेडियमच्या पत्र्यावर एका बाजूने वेगवान ड्यूटेरियमचा मारा केला, ज्याने संमीलन होते हे निर्विवाद आहे, आणि दुसऱ्या बाजूने विजेच्या साहाय्याने, फ्लाइशमन-पॉन्स यांच्याच रीतीने, पत्र्यात आणखी ड्यूटेरियम भरला. ह्या वेळी उष्णता मोजली नाही, न्यूट्रॉन मोजले. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, असे भरल्याने संमीलनाचे प्रमाण सरासरी १५ टक्क्यांनी वाढले. यंत्राला लागलेली वीज सुमारे १५ वॅट होती आणि संमीलनातून निघालेली शक्ती एका वॅटच्या शंभर कोटीव्या भागाएवढी.