आधी अर्थिंग पाहा

नगरहून कडा, आष्टी करत बीडकडे जाणारा रस्ता जामखेडमधून जातो. अशा रस्त्यावरच्या गावात ऑटो इलेक्ट्रिशियनला सवड कसली! ऊसतोडीचे ट्रॅक्टर, जुन्या जीपा, काळीपिवळ्या. कुणाचा हेडलाइट मिणमिणतो, कुणाची गाडी सेल्फ घेत नाही, कुणाची बॅटरी रात्रीत उतरते. हत्यारं थोडकीच: टेस्ट लॅम्प, मीटर, पक्कड, पॉलिश पेपर. पण या कामाची खरी कसोटी लागते ती जुन्या स्पोर्ट्स कारवर.

आपल्या शेजारचीच घ्या. सॅन मोटर्सची 'स्टॉर्म', १९९८ साली गोव्यातून आलेली उघड्या टपाची दोन सीटची गाडी. तिची बॉडी फायबरची. जीपचा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, म्हणून दिव्यापर्यंत एक वायर नेली तरी भागतं. करंट पत्र्यातून परततो. फायबरमधून तो परतणार कसा? म्हणून दिवे, हॉर्न, गेज या सगळ्यांना अर्थिंगची वायर वेगळी ओढावी लागते. त्या वायरी जिथे बोल्टखाली आवळलेल्या असतात, तिथलं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, दमट हवेत गंजतं. मग इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकू लागतो. मालक चक्रावतो, पण सामाईक अर्थिंग सुटलं की करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, इतकंच.

इथे नुसता मीटर फसवतो. बल्ब काढून होल्डरला मीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. ६० वॅटचा हेडलाइट ५ अँपिअर ओढतो. अर्थिंगच्या सांध्यात ०.४ ओहमचा अडथळा असला, तर तिथेच सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून दिवा चालू ठेवायचा, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बल्बच्या अर्थिंगला लावायची. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की दोष तिथेच. थिंबल उघडून धातू चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

इंग्रजी गाड्यांत आणखी एक पेच. १९६२ साली आलेल्या एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह चेसिसला जोडलेला असे. सवयीने निगेटिव्ह अर्थिंग धरून बॅटरी उलटी बसवली, तर नंतर लावलेला अल्टरनेटर क्षणात जळतो. या गाड्यांतल्या लुकास कंपनीच्या वायरिंगचे रंग मात्र कारागिराच्या मदतीला येतात: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावरची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थिंगची. पण पन्नास वर्षांत कुणी मध्येच हाती लागेल त्या रंगाची वायर टेप गुंडाळून जोडलेली असते, आणि बहुतेक बिघाड अशा टेपखालीच सापडतात.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर मीटर निगेटिव्हच्या वाटेत जोडून एकेक फ्यूज काढावा. जो काढल्यावर आकडा पडेल, त्याच्या लाइनीत चोर आहे.

जुनी गाडी बाळगत असाल तर आल्याआल्या सगळी वायरिंग नवी टाकायला सांगणाऱ्याकडे ती देऊ नका. टेस्ट लॅम्प हातात घेऊन अर्थिंगपासून सुरुवात करणारा माणूस शोधा. तो जामखेडसारख्या गावात रस्त्याकडेलाही भेटेल.